पॉलिश जरा कमी

वडशाच्या बाजारात तांदूळ घेणारा माणूस आधी मूठभर दाणे तळहातावर पसरतो आणि उजेडाकडे वळतो. पहिली नजर रंगावर. मग दाण्याची लांबी, मग चुरी किती, मग एखादा दाणा दाताखाली मोडून जुना की नवा ते बघणं. एवढं पटलं की भावाचं बोलणं. या सगळ्या पारखीत तांदळाच्या अंगात काय आहे, याला एकही गुण नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं राइस मिलमध्ये गेली. तांदूळ पांढरा करून देणं हेच माझं काम. म्हणूनच ज्याला बाजारात गुण नाहीत त्याच्याविषयी मला लिहावंसं वाटतं. ते म्हणजे थायमिन, अर्थात बी-१ जीवनसत्त्व.

आमचा मुलूख धानाचा. वैनगंगेच्या अल्याड आरमोरी, कुरखेडा. पल्याड ब्रह्मपुरी, नागभीड. सगळीकडे बांध्याच बांध्या, म्हणजे धानाची शेतं. दिवाळीच्या आसपास हलकं धान निघतं, मागोमाग भारी धान येतं. मग झाडीपट्टीत दोन गोष्टी रात्रभर चालतात, नाटकं आणि मिल. नाटक कंपन्यांचा मुक्काम वडशातच. रात्रपाळीला असलो की मिलच्या पट्ट्याच्या आवाजातूनही लांबच्या गावातल्या नाटकाचा भोंगा ऐकू यायचा. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. त्याचा मिलमध्ये उपयोग एवढाच, की धानातला ओलावा मोजायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. पण शिकलेलं डोक्यातून जात नाही. कोंड्याच्या ढिगाकडे बघताना मला पुस्तकातली पानं आठवत.

मिलमध्ये काय होतं ते सांगतो. धान आधी चाळण्यांतून जातं; माती, खडे, पोचट दाणे बाजूला होतात. पुढे शेलरच्या रबरी रोलरांमध्ये तूस निघतं. इथून जो दाणा बाहेर पडतो तो तपकिरी असतो. खरं तर हाच पुरा तांदूळ. पण त्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून तो पॉलिशरमध्ये जातो. पॉलिशरच्या तोंडाशी एक झडप असते आणि तिला सरकतं वजन. वजन पुढे सारलं की दाणे आत दाटीनं, जास्त वेळ घासले जातात. मागे घेतलं की लवकर सुटतात. पहिल्यांदा जाळीखाली पडणारा कोंडा तपकिरी आणि तेलकट असतो, मुठीत दाबला की त्याचा गोळा होतो. दाब वाढवत नेला की कोंडा फिकट, पिठूळ होत जातो. म्हणजे साल संपली, आता तांदूळच घासला जातोय. जुना मिस्त्री मीटर बघत नाही. तो कोंडा चिमटीत घेऊन सांगतो, ‘बस झालं.’

पॉलिश झालेला दाणा नीट बघा. एका टोकाला लहानशी खाच दिसेल. तिथे अंकुर होता. धान पेरलं तर ज्यातून रोप उगवतं तो हा भाग. पॉलिशमध्ये साल आणि अंकुर दोन्ही जातात, आणि दाण्यातलं बहुतेक थायमिन नेमकं याच दोन ठिकाणी असतं. मधला पांढरा भाग मुख्यतः पिठूळ, म्हणजे स्टार्च.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. त्यातले आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत. शंभर ग्रॅम तपकिरी तांदळात थायमिन सुमारे ०.२७ मिलीग्रॅम. धान भिजवून-वाफवून, म्हणजे उसना करून, मग पॉलिश केलेल्या तांदळात ०.१७. आणि अरवा, म्हणजे कच्च्या धानाचा पॉलिश तांदूळ, त्यात अवघं ०.०५. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सव्वा मिलीग्रॅम लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला थोडं जास्त. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत माणूस दिवसाकाठी चारशे ग्रॅम तांदूळ सहज खातो. तपकिरी असता तर एक मिलीग्रॅम त्यातूनच मिळालं असतं. पांढऱ्यातून मिळतं ०.२, तेही धुणं आणि शिजवणं हिशेबात न धरता.

थायमिनचं काम थोडक्यात असं. भाताचा आतड्यात ग्लुकोज होतो, पण ग्लुकोज म्हणजे अजून ताकद नव्हे. पेशीत त्याचं ज्वलन होऊन ताकद निघते, त्या साखळीतल्या मोक्याच्या पायऱ्यांवर थायमिन लागतं. ते नसेल तर अन्न पोटात आणि पेशी उपाशी. सगळ्यात आधी मार बसतो तो सतत ताकद खाणाऱ्या अवयवांना: नसा, हृदय, मेंदू. आणखी एक मेख आहे. भात जितका जास्त, तितकी थायमिनची गरजही जास्त. म्हणजे ताटात नुसता पांढरा भात वाढत गेला तर देणं वाढतं आणि जमा काहीच होत नाही. शरीराजवळ साठा असतो पंचवीस-तीस मिलीग्रॅमचा. बाहेरून काहीच आलं नाही तर तो दोन-तीन आठवड्यांत आटतो.

हा साठा आटला की होणारा रोग म्हणजे बेरीबेरी. एका प्रकारात पायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा येतो आणि उकिडवं बसलेल्या माणसाला हात न टेकता उठता येत नाही. दुसऱ्यात पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं. तिसरा प्रकार तान्ह्या बाळांचा. आईच्या अंगात थायमिन नसेल तर दुधातही उतरत नाही. काही महिन्यांचं बाळ रडतं, पण आवाज फुटत नाही, आणि काही तासांत हृदय बंद पडू शकतं.

या रोगाचं कोडं सुटलं ते भाताच्या ताटातूनच. १८९० च्या सुमारास डच डॉक्टर क्रिस्टियान आइकमन जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, काम करत होते. त्यांच्या कोंबड्या लंगडायला लागल्या, पडायला लागल्या. मग एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीत निघालं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्यानं लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, साधा न सडलेला, म्हणजे साल राखलेला, तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. पुढे आडोल्फ फोर्डरमान यांनी जावातल्या शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत दर एकोणचाळीस कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. साल राखलेला तांदूळ मिळत होता तिथे दहा हजारांमागे एकाला. आइकमन यांना आधी वाटलं होतं की पांढऱ्या भातात काही विष आहे. विष नाही, काहीतरी कमी आहे, हे त्यांचे सहकारी खेरिट ख्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडलं. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

मला मात्र जास्त भावतात ते यान्सेन आणि डोनाट. १९२६ मध्ये त्यांनी जावातच कोंड्यातून थायमिनचे स्फटिक वेगळे काढले. तीनशे किलो कोंडा घेऊन हाती लागलं शंभर मिलीग्रॅम, म्हणजे चिमूटही नाही. तीनशे किलो कोंडा आमच्या मिलमध्ये हंगामातल्या एका सकाळीच निघतो. तो सॉल्व्हंट प्लांटला जातो, तेल काढायला, किंवा ढोरांच्या खाद्यात. कोंड्याला भाव आहे, म्हणून पॉलिशला हात आखडत नाही, हेही खरं.

आपल्याकडेही या शोधाची मुळं आहेत. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीची चौकशी सुरू केली. त्याच खोलीची पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. देशातल्या या मोठ्या पोषण-संस्थेचा उगम असा पॉलिशच्या तांदळात आहे. तिथल्याच कामातून हेही पुढे आलं, की आंध्रच्या किनाऱ्यावर कच्चा पॉलिश तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होती आणि उसना खाणारे मद्रास इलाख्याच्या इतर भागांतले गरीब तीतून सुटले होते. आणि आपल्या विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, जे. सी. कुमारप्पा त्याचे कारभारी झाले. हातसडीचा तांदूळ हा तिथला पहिल्या फळीतला विषय. हातसडीला आधार म्हणून १९५८ मध्ये तांदूळ गिरण्यांवर नियंत्रणाचा कायदाही आला. तो १९९७ मध्ये रद्द झाला. तोवर खेड्याखेड्यांत हलर पोचले होते आणि उखळ-मुसळ लग्नातल्या हळदीपुरतं उरलं होतं.

बायकांच्या हातातलं मुसळ सुटलं याचं मला दुःख नाही. ज्यांनी पहाटे उठून धान कांडलं त्यांना विचारा. मिलनं त्यांचे खांदे वाचवले. आणि पॉलिशला नुसती नावं ठेवणंही बरोबर नाही. तपकिरी तांदळाच्या सालीत तेल असतं, ते हवेत खवट होतं, त्याला किडे लवकर लागतात. वर्षभर कोठीत ठेवायचा तांदूळ थोडा तरी सडावाच लागतो. प्रश्न सडायचा की नाही हा नाही. किती, हा आहे.

आणि ‘किती’ हे ठरवतो गिऱ्हाईक. घरच्या खाण्याचं धान घेऊन शेतकरी येतात. पोतं उतरवता उतरवता सांगणं ठरलेलं: ‘मस्त पांढरा होऊ द्या जी, पोरीचं लग्न आहे.’ मी एकदा एका म्हाताऱ्या बाबांना म्हटलं, ‘बाबाजी, पॉलिश जरा कमी ठेवू का? चव राहते, सत्त्व राहतं.’ ते म्हणाले, ‘राहू दे बापू. पाहुणे म्हणतील, याच्या घरी लाल भात वाढते.’ त्यावर मी काय बोलणार? वजन पुढे सारलं.

यात दोष धानाचा मुळीच नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी वाण उभं केलं. त्या काळी मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला पडलं आणि हा बारीक, चवदार तांदूळ कुठल्या कुठे पोचला. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या वाणाच्या दाण्यालाही साल आहे, अंकुर आहे. तो उतरवायचा हट्ट आपला.

मग आमच्याकडे बेरीबेरीची साथ का नाही? कारण ताटात नुसता भात नसतो. बांधीच्या धुऱ्यावर तूर असते. मूग, उडीद, बरबटी, पोपटाच्या शेंगा, जवस, तीळ, शेंगदाणा, या सगळ्यांत थायमिन आहे. वरण-भात हे जेवण आपल्या वाडवडिलांनी तक्ते न बघता ठरवलं, आणि ते बरोबर ठरवलं. धोका आहे तो ज्यांच्या ताटातून वरण सुटतं त्यांना.

आमच्या मिलमध्ये एक हमाल होता. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून पळणारा, अंगानं काटक. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मोहाची दारू घराघरांत निघते, आणि याचं रात्रीचं जेवण हळूहळू तीच झाली. खाल्लाच तर भात आणि तिखटाचं पाणी. एके दिवशी तो फळीवरून उतरला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि ती कुठे सुटली हे त्याला कळलं नव्हतं. काही दिवसांनी पोत्याचं तोंड शिवायला उकिडवा बसला तो उठेचना. दोघांनी काखेत हात घालून उभा केला. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, खाण्यापिण्याचं विचारलं आणि आधी बी-१ चं इंजेक्शन दिलं, सलाईन त्यानंतर. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘पिणाऱ्या, उपाशी माणसाला ग्लुकोज आधी चढवलं तर असेल नसेल तेवढं थायमिन त्यातच खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून बी-१ आधी.’ दारू आतड्यातून थायमिन आत शिरू देत नाही, यकृतात साठू देत नाही, आणि जेवणही तोडते. असा तिहेरी घाला. हमालाला डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं, की कोंड्यात असतं ते सत्त्व तुझ्या अंगात कमी पडलं. तो माझ्याकडे बघून हसला. ‘मग जे बैलाले देता तेच मले द्या नं जी!’

कोंडा असा कच्चा खायचा नसतो, हे त्याला समजावलं. गोळ्या, वरण, शेंगदाणे आणि दारू बंद. महिनाभरात तो हात न टेकता उठायला लागला. पायांचा बधिरपणा थोडा राहिला तो राहिलाच. नसांचं नुकसान सगळंच भरून येत नाही. पोती उचलणं थांबलं. मालकांनी त्याला काट्यावर बसवलं.

दुसरा धोका बाळंतिणीचा. आजही काही घरांत बाळंतिणीला वरण ‘बाधतं’, भाजी ‘थंड पडते’, म्हणून नुसत्या मऊ भातावर ठेवतात. काश्मीरमध्ये अलीकडच्या काळात तान्ही बाळं श्वास लागून अत्यवस्थ व्हायची आणि थायमिन टोचल्यावर काही तासांत सावरायची, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. त्यांच्या आयांचं खाणं मुख्यतः पांढरा भात, तोही वारंवार धुतलेला. बाळंतिणीच्या ताटातलं मुगाचं वरण काढून घेणाऱ्या प्रत्येक सासूबाईंना हे सांगितलं पाहिजे.

अलीकडे सरकारनं तांदळात पोषण भरायला सुरुवात केली. आमच्याच जिल्ह्यातल्या कुरखेडा आणि भामरागड तालुक्यांत फोर्टिफाइड तांदळाचा प्रयोग आधी झाला. १५ ऑगस्ट २०२१ ला देशभराची घोषणा झाली. भरडाईच्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात बनवलेला दाणा मिसळायचा. तांदळाच्या पिठात जीवनसत्त्वं कालवून पुन्हा दाण्याचा आकार दिलेला. धुताना तो कधी कधी वर तरंगतो, मग बायका ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून फेकतात. तो प्लास्टिकचा नाही, फेकू नये, हे मी दुकानाच्या रांगेतसुद्धा सांगत आलो. रक्तपांढरी आमच्या भागात मोठी, तेव्हा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ त्यात घालायचं ठरलं ते समजण्यासारखं आहे. पण सक्तीच्या यादीत हे तीनच. थायमिन ऐच्छिक यादीत आहे; घातलं तर घातलं. म्हणजे पॉलिशरमध्ये आम्ही जे काढून टाकतो, ते मिसळायच्या दाण्यात परत येईलच असं नाही. मिलमध्ये उभं राहून हे रोज बघणाऱ्याला त्यातली विसंगती खुपते. आधी वीज जाळून काढायचं, मग पैसे मोजून भरायचं, आणि जे काढलं तेच भरलं असेल याची खात्री नाही.

स्वस्त रस्ता जुनाच आहे: उसना. धान गरम पाण्यात काही तास भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. भिजताना-वाफवताना सालीतलं थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरतं आणि तिथेच बसतं. नंतर पॉलिश केलं तरी बरंचसं टिकतं. दाणा कठीण होतो, तुकडा कमी पडतो. सरकारी भरडाईतही क्विंटलभर धानामागे अरवा ६७ किलो आणि उसना ६८ किलो धरतात. पूर्व विदर्भातल्या मिलांत उसना बनतो, पण आमच्या घरात तो येत नाही. ‘वास येते’ म्हणतात. वास येतो हे खरं. नीट बनवलेल्या उसन्याचा वास कमी असतो, हेही खरं. चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतींतल्या लोकांना तोच आवडीचा.

बाकी घरातल्या चार गोष्टी. थायमिन पाण्यात विरघळतं. तांदूळ चोळून चोळून चार पाण्यांनी धुतला तर मोरीत जातं. भात शिजवून पाणी ओतून दिलं तर त्यात जातं. पूर्वी ती पेज मीठ घालून प्यायचे, शेतावर न्यायचे. वरण लवकर शिजावं म्हणून सोडा टाकला तर सोड्यानं ते मरतं. जेवणावर लगेच कडक चहा घेतला तर चहातली तुरट द्रव्यं त्याला निकामी करतात. सुपारीचंही तसंच, आणि आमच्या भागात सुपारी-तंबाखूचा खर्रा किती खाल्ला जातो ते सांगायला नको.

यातलं काहीही महाग नाही. तांदूळ एकदा धुवा. पाणी शिजण्यापुरतंच ठेवा, जास्त झालं तर पेज प्या. वरणात सोडा नको. बाळंतिणीला वरण द्या. घरात पिणारा माणूस असेल आणि त्याच्या पायांना मुंग्या येत असतील, चालताना झोक जात असेल, तर डॉक्टरांना त्याचं पिणं न लपवता सांगा. आणि यंदा घरचं धान मिलवर न्याल तेव्हा लग्नाचं पोतं वेगळं ठेवा, हवं तेवढं पांढरं करा. रोजच्या खाण्याच्या पोत्याला मात्र मिस्त्रीला सांगा, पॉलिश जरा कमी. त्याला वजन मागे घ्यायला वेळ लागत नाही, आणि त्याचे पैसेही पडत नाहीत.